१० प्रती, ६० मुलं: वर्गातल्या अर्थविषयक पेपरचे वाचक मोजायचे कसे?

११ वी कॉमर्सच्या वर्गात एका अर्थविषयक पेपरच्या रोज १० प्रती येतात आणि वर्गाचा पट ६० आहे, असं धरू. या वर्गात त्या पेपरचे वाचक किती? एजन्सीचा माणूस ६० म्हणेल, कारण त्याच्या वहीत पूर्ण वर्ग ‘लावलेला’ आहे. शाळेचा क्लार्क १० म्हणेल, कारण बिल १० चं आहे. आणि शनिवारी कपाटावरचा गठ्ठा खाली उतरवला, तर त्यातल्या निम्म्या प्रतींची घडीसुद्धा मोडलेली नसते.

वाचकसंख्या हा शब्द आपण सैलपणे वापरतो. पण वाचक मोजणं हे रीतसर शास्त्र आहे आणि त्याचे नियम ठरलेले आहेत. नाशिकमधल्या कुठल्याही हायस्कूलला किंवा ज्युनियर कॉलेजला ते फारसा खर्च न करता वापरता येतात. एकदा वापरले की एक गोष्ट लगेच ध्यानात येते: प्रती वाढवल्या म्हणून वाचक वाढत नाहीत. ते वाढतात पेपर हातात कधी, कसा आणि कुठल्या पानावर उघडून मिळतो त्यावर.

खप वेगळा, वाचक वेगळे

खप म्हणजे विकल्या गेलेल्या प्रती. आपल्याकडे तो तपासून प्रमाणित करण्याचं काम ‘ऑडिट ब्युरो ऑफ सर्क्युलेशन्स’ ही संस्था १९४८ पासून करते आहे. जानेवारी ते जून आणि जुलै ते डिसेंबर असा सहा-सहा महिन्यांचा हिशेब असतो. किती छापले, किती परत आले, विकलेल्या प्रतींचे पैसे आले का, हे कागदोपत्री बघून आकडा ठरतो. पेपर कोणी उघडला का, हा प्रश्न तिथे येतच नाही. पैसे देऊन घेतलेली प्रत पुढे वहीच्या कव्हरला गेली तरी ती खपात धरलेलीच असते, आणि हिशेबाच्या दृष्टीने ते बरोबरही आहे.

वाचकसंख्या माणसांना विचारून काढावी लागते. ‘इंडियन रीडरशिप सर्व्हे’ हे आपल्याकडचं त्यासाठीचं मोठं सर्वेक्षण. त्यात १२ वर्षं आणि त्यापुढच्या माणसांना धरतात. म्हणजे साधारण सातवीत गेलेलं मूल सर्वेक्षणाच्या दृष्टीने वाचक होऊ शकतं. पेपरवाल्यांना शाळांबद्दल जिव्हाळा का वाटतो, याचं निदान एक कारण इथे सापडतं.

या सर्वेक्षणात दोन आकडे निघतात आणि दोन्ही ‘वाचकसंख्या’ याच नावाने सांगितले जातात. गोंधळ तिथूनच सुरू होतो. पहिला आकडा एकूण वाचकांचा: गेल्या महिनाभरात ज्याने तो पेपर एकदा तरी वाचला किंवा चाळला तो प्रत्येक जण. दुसरा सरासरी अंकाच्या वाचकांचा: दैनिक असेल तर ज्याने ते काल वाचलं किंवा चाळलं तो. पहिला आकडा अर्थातच मोठा असतो. जाहिरातीत कुठला वापरलाय हे बारीक अक्षरात कोपऱ्यात लिहिलेलं असतं. मुलांना शिकवायची पहिली गोष्ट तीच: आकडा दिसला की आधी ती बारीक ओळ वाचायची.

‘चाळला तरी चालतो’ ही अट मुद्दाम सैल आहे. अग्रलेख शेवटपर्यंत वाचणारा आणि भावांचं पान बघून पेपर खाली ठेवणारा, दोघेही वाचकच.

अमेरिकेत ‘द वॉल स्ट्रीट जर्नल’ने १९९१ मध्ये शाळांसाठी वेगळी ‘क्लासरूम एडिशन’ काढली होती. अशा उपक्रमांचं अनुकरण करताना एक साधा फरक नजरेआड होतो. तिथल्या हायस्कूलमध्ये शिक्षक आपल्या खोलीत बसतो आणि तासाला मुलं बदलतात. खोलीत ३० प्रतींचा संच ठेवला आणि शिक्षकाचे दिवसाचे ५ तास असले, तर त्याच ३० प्रती १५० मुलांच्या हातांतून जातात. आपल्याकडे उलट आहे. मुलं एका वर्गात बसलेली असतात, सर-मॅडम तासाला फिरतात. पेपर वर्गात ठेवला की तो त्या ६० मुलांपुरताच राहिला. संच सरांबरोबर फिरला तरच प्रतीमागे वाचक वाढतात. दोन सत्रांत भरणाऱ्या शाळांना मात्र आपोआप फायदा मिळतो. सकाळी ११ वीने ठेवलेला पेपर दुपारी त्याच बाकांवर बसणारी ९ वीची मुलं उघडतात, आणि ती कोणाच्याच हिशेबात नसतात.

विचारायचं कसं

“काय रे, पेपर वाचता ना रोज?” असं सरांनी विचारलं की ६० हात वर येतात. हा आकडा कचऱ्यात टाकायचा. मुलं खोटारडी असतात असं नाही. समोर सर आहेत, प्रश्नातच उत्तर आहे आणि ‘रोज’ म्हणजे किती हे कोणी सांगितलेलं नाही. म्हणून मोजणी दुसऱ्या वर्गाच्या मुलांनी करावी, चिठ्ठीवर नाव नसावं आणि प्रश्न एका ठरावीक दिवसाचा असावा.

दैनिकासाठी प्रश्न असतो ‘काल’चा. शाळेत तो जसाच्या तसा विचारला तर सोमवारी घोटाळा होतो, कारण काल रविवार होता आणि वर्ग बंद होता. म्हणून शब्द असे ठेवावेत: ‘याआधी शाळा भरली त्या दिवशी हा पेपर वाचला किंवा चाळला होता का?’ आठवड्याचे सहाही दिवस मोजणीत येऊ द्यावेत. एकाच वारी मोजलं तर त्या वाराचा आकडा वर्षभर डोक्यावर बसतो. कॉमर्सचा जोडतास मंगळवारी असेल तर मंगळवार फुगलेला दिसणारच.

नुसतं नाव विचारू नये, मास्टहेड दाखवावं. ‘इकॉनॉमिक टाइम्स’, ‘टाइम्स ऑफ इंडिया’ आणि ‘महाराष्ट्र टाइम्स’ ही तीन नावं तोंडी घेतली की मुलं ‘टाइम्स’ ऐकून हो म्हणून टाकतात. पेपरचं वरचं नाव कापून पुठ्ठ्यावर चिकटवायचं, एका पुठ्ठ्यावर एक, आणि प्रत्येक मुलाला ते वेगळ्या क्रमाने दाखवायचे. पहिल्या पुठ्ठ्याला हो म्हणणं सोपं असतं, आठव्यापर्यंत कंटाळा आलेला असतो. क्रम बदलत राहिला तर हा दोष सगळ्या पेपरांत वाटला जातो.

आणखी एक जुनी युक्ती आहे. पुठ्ठ्यांमध्ये अस्तित्वातच नसलेल्या पेपरचं एक मास्टहेड घालून ठेवायचं. नाव अगदी खरं वाटेल असं हवं, छपाईही तशीच. ६० पैकी ७ जणांनी तो ‘काल चाळला’ म्हटलं, तर खऱ्या पेपरच्या आकड्यातही साधारण तेवढी सूज असू शकते हे लक्षात घ्यायचं. ते ७ सरळ वजा करायचे नाहीत, कारण तीच मुलं खरा पेपरही वाचत असू शकतात. पण २० जणांनी हो म्हटलं तर चिठ्ठ्या फाडून दुसऱ्या दिवशी नव्याने मोजणी करावी.

एका वर्गापुरतं असेल तर सगळ्या ६० जणांना विचारावं, नमुना काढायच्या भानगडीत पडू नये. संपूर्ण शाळेसाठी हजेरीपटावरून दर पाचवा विद्यार्थी घ्यावा. नमुन्यातली चूक साधारण किती, याचा ढोबळ नियम म्हणजे १ भागिले नमुन्याचं वर्गमूळ. १०० मुलांना विचारलं तर १० टक्के इकडे किंवा तिकडे, ४०० जणांना विचारलं तर ५ टक्के. म्हणजे १०० मुलांच्या मोजणीत गेल्या वर्षी ३१ टक्के आणि यंदा ३५ टक्के आले म्हणून पेढे वाटू नयेत.

छेदात काय घ्यायचं हेही आधीच ठरवावं. पट ६० आणि हजर ५२ असतील तर २६ वाचक हे हजर मुलांचे ५० टक्के आणि पटाचे ४३ टक्के. दोन्ही चालतात, पण पहिल्या सत्रात एक आणि दुसऱ्या सत्रात दुसरा घेतला तर तुलना मोडते.

एका आठवड्याचं गणित

आकडे समजण्यापुरते घेऊ. त्याच वर्गात सोमवारी २१ जणांनी पेपर चाळला, मंगळवारी १४, बुधवारी १२, गुरुवारी १३, शुक्रवारी १० आणि शनिवारी २०. बेरीज ९०.

हे ९० म्हणजे ९० वाचक नव्हेत. वर्गच मुळी ६० चा आहे. हा वाचनांचा आकडा आहे, यात एकच मुलगी सहा वेळा मोजलेली असू शकते. ९० ला ६ ने भागलं की १५ येतात. ही सरासरी अंकाची वाचकसंख्या. प्रती १० आहेत, म्हणून प्रतीमागे वाचक १.५. आता चिठ्ठ्यांवरचे अनुक्रमांक जुळवले (त्यासाठी नाव नको, हजेरीचा नंबरही नको, प्रत्येकाने स्वतः निवडलेला एखादा आकडा पुरतो) आणि आठवड्यात एकदा तरी पेपर हाती घेतलेले वेगवेगळे ३४ जण निघाले, तर ती त्या आठवड्याची एकूण पोच.

म्हणजे एकाच वर्गाबद्दल तीन वाक्यं म्हणता येतात. ‘वर्गातली ५७ टक्के मुलं हा पेपर वाचतात.’ ‘कुठल्याही दिवशी वर्गातली २५ टक्के मुलं हा पेपर वाचतात.’ ‘वाचणारं मूल आठवड्यात सरासरी २.६ अंक वाचतं.’ तिन्ही खरी. एजन्सी पहिलं वाक्य माहितीपत्रकात छापेल. शिक्षकांनी तिसऱ्याकडे बघावं, कारण सवय लागतेय की नाही ते तिथे कळतं. पोच ५७ टक्क्यांवरच राहिली आणि २.६ चे ३.५ झाले, तर काहीतरी बरं चाललंय.

डिंकाचा ठिपका

विचारून मिळतं ते मुलांच्या आठवणीतलं. पान खरंच उघडलं का, हे तपासायची एक पद्धत वाचकसंशोधनात फार पूर्वीपासून आहे. ती शाळेत करायला मजा येते. आतली दोन समोरासमोरची पानं डिंकाच्या बारीक ठिपक्याने चिकटवायची आणि संध्याकाळी ठिपका सुटलाय का ते बघायचं.

साधा डिंक दुप्पट पाण्यात पातळ करावा. ठिपका ज्वारीच्या दाण्याएवढा, पानाच्या खालच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून दोन बोटं आत. फेविकॉल वापरू नये, तो कागद फाडतो आणि मुलांना लगेच कळतं. ठिपका मोठा झाला तर पान उघडत नाही आणि आपण मोजतोय त्या गोष्टीलाच आपण अडवून बसतो. लावल्यावर दहा मिनिटं पंख्याखाली सुकू द्यावं. पावसाळी हवेत डिंक ओलाच राहतो, घडी हलताना आपोआप सुटतो आणि न उघडलेलं पान उघडल्यासारखं दिसतं. म्हणून हा प्रयोग जुलै-ऑगस्टात न करता डिसेंबर-जानेवारीत करावा.

१० पैकी ४ प्रतींत तीन-तीन जागी ठिपके लावले तरी पुरे. बहुतेक वेळा पहिलं आणि शेवटचं पान मळलेलं, क्रीडापानाचा ठिपका सुटलेला आणि मधल्या संपादकीय पानाचा शाबूत, असं चित्र दिसतं. ठिपका एवढंच सांगतो की पान उघडलं. कोणी, का आणि किती वाचलं ते तो सांगत नाही. त्यासाठी पुन्हा मुलांकडेच जावं लागतं: पान समोर धरायचं आणि प्रत्येक बातमीवर बोट ठेवून विचारायचं की ही दिसली होती का, दिसली असेल तर अर्ध्याहून जास्त वाचली का. जाहिरातींचं वाचन मोजण्याची ही जुनीच रीत आहे. एका पानाला एका मुलामागे चार मिनिटं लागतात. दिवसाला पाच-सहा मुलांपेक्षा जास्त जणांना घेऊ नये, विचारणाराच कंटाळतो.

वाचन अडतं कुठे

बोट ठेवून विचारलं की एक गोष्ट उघड होते. मुलं बातमी सोडतात ती पहिल्या परिच्छेदात, आणि तीही बहुतेकदा एखाद्या आकड्यापाशी. कंटाळा हे कारण शिक्षकांना सोयीचं वाटतं. खरं कारण असं की आकड्याचा अर्थ लागत नाही आणि पुढचं सगळं त्यावर उभं असतं.

व्याजदर घ्या. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजाने कर्ज देते तो दर, ६.५० वरून ६.२५ टक्क्यांवर आणला. बातमीत ‘२५ बेसिस पॉइंटची कपात’ असं येतं. मुलं वहीत ‘२५ टक्के कपात’ लिहितात. १०० बेसिस पॉइंट म्हणजे १ टक्का, एवढं एकदा फळ्यावर आलं की पुढची बातमी उलगडते. आणि ती घरापर्यंत आणून सोडावी: २५ लाखांचं २० वर्षांचं घरकर्ज ८.७५ टक्क्यांनी असेल तर हप्ता २२,०९० च्या आसपास, ८.५० टक्के झाला तर २१,७०० च्या आसपास. महिन्याला जवळपास ४०० रुपयांचा फरक. पाथर्डी फाट्याला किंवा जेलरोडला फ्लॅट घेतलेल्या घरातलं मूल हा आकडा विसरत नाही.

सेन्सेक्सचं उलट होतं. तिथे आकडा समजतो, पण चुकीचा समजतो. ‘८०० अंकांची घसरण’ ऐकून सगळे दचकतात. सेन्सेक्स ८०,००० वर असेल तर ती १ टक्का. २८ एप्रिल १९९२ ला, हर्षद मेहता प्रकरणाच्या काळात, सेन्सेक्स ५७० अंकांनी पडला होता. अंक ८०० पेक्षा कमी, पण ती पडझड जवळपास १३ टक्क्यांची होती. अंकांखाली टक्के लिहायची सवय लावावी, पेन्सिलने, पेपरवरच.

मात्र नाशिकच्या वर्गात सगळ्यात जास्त वाचक मिळवून देणारी चौकट शेअर बाजाराची नाही. ती कांद्याची. निफाड, चांदवड, येवला, सिन्नर इकडून एसटीने येणाऱ्या मुलांच्या घरी कांदा साठवायची चाळ असते आणि लासलगावचा भाव घरात रोज बोलला जातो. त्या मुलांना हातात पेपर द्यायचा आणि शहरातल्या मुलांना समजावून सांगायला लावायचं. पणन मंडळाच्या तक्त्याचे रकाने असे असतात: शेतमाल, जात, परिमाण, आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर, सर्वसाधारण दर. समजा उन्हाळ कांद्याला कमीत कमी ५००, जास्तीत जास्त १,८०० आणि सर्वसाधारण १,४५० आहे. पहिला प्रश्न येतोच: ५०० आणि १,८०० ची सरासरी तर १,१५० येते, मग १,४५० कुठून आले? तर सर्वसाधारण म्हणजे दोन टोकांची मधली रेघ नव्हे. बहुतांश माल ज्या भावाच्या आसपास गेला तो भाव. ५०० हा एखाद्या गोल्टीचा (बारीक कांद्याचा) किंवा भिजलेल्या मालाचा असतो, १,८०० हा दोन-चार निवडक ट्रॅक्टरचा. बातमीचा मथळा मात्र अनेकदा त्या १,८०० चा होतो आणि घरी बाप म्हणतो, आपल्याला कुठे मिळाला एवढा?

दुसरी अडचण परिमाणाची. दर क्विंटलचा आहे, म्हणजे १०० किलोचा. १,४५० म्हणजे किलोला साडेचौदा रुपये. शहरातलं मूल लगेच विचारतं, मग भाजीवाला ३० ने का देतो? इथून घट, निवड, हमाली, बारदान, वाहतूक आणि मधले हात असा सगळा धडा निघतो, आणि तो १२ वीच्या अर्थशास्त्रात ‘पुरवठा विश्लेषण’ या नावाने आधीच छापलेला आहे.

याच धाग्याने परकीय व्यापारही शिकवता येतो. केंद्राने ८ डिसेंबर २०२३ ला कांदा निर्यातबंदी केली. ४ मे २०२४ ला ती उठवली, पण टनाला ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवून. त्या सप्टेंबरात किमान मूल्याची अट गेली आणि शुल्क २० टक्क्यांवर आलं. १ एप्रिल २०२५ पासून शुल्क शून्य. फळ्यावर एकच गणित द्यावं: ५५० डॉलर टनाला, डॉलर ८३ रुपये, तर किलोला किती? ४५ रुपये ६५ पैसे. त्याखाली तेव्हा निर्यातीला परवानगीच नव्हती. आता ‘निर्यात खुली’ हा मथळा आणि हे गणित शेजारी ठेवलं की मथळ्याखालची बातमी शेवटपर्यंत का वाचायची, ते वेगळं सांगावं लागत नाही.

गावातली नावं दिसली तरी पान थांबतं. ओझरचा विमानं बनवणारा एचएएल २०१८ पासून शेअर बाजारात नोंदलेला आहे, त्याच्या ऑर्डरची बातमी आली की ओझर-पिंपळगावकडची मुलं ती वाचतात. नाशिकरोडच्या नोट प्रेसचा शेअर शोधणारंही कोणीतरी निघतंच. तो मिळत नाही, कारण प्रेस सरकारी महामंडळाची आहे आणि ते बाजारात नोंदलेलं नाही. पण ‘का नाही?’ या प्रश्नावर ‘चिटणिसाची कार्यपद्धती’ या विषयाचा एक तास आरामात जातो.

४ प्रतींत ६० मुलं

आता पुन्हा त्या १० प्रतींकडे. घडीचा पेपर एका वेळी एकाच हातात राहतो आणि त्या हातातलं मूल पहिलं पान वाचत असताना आतली १२-१४ पानं निष्क्रिय पडलेली असतात. पेपर सुटा करा. १६ पानी अंक म्हणजे चार मोठे कागद, एकात एक घातलेले. बाहेरच्या कागदावर पानं १, २, १५, १६. त्याच्या आत ३, ४, १३, १४. मग ५, ६, ११, १२. अगदी आत सलग ७, ८, ९, १०. एका प्रतीचे चार गट होतात. ४ प्रतींचे १६ कागद, एकेका कागदावर तीन-चार मुलं. ६० मुलं एकाच वेळी बसतात.

यातली मुख्य गोची म्हणजे ‘पान १ वरून’. पहिल्या पानावरची बातमी पान ९ वर संपते आणि पान ९ दुसऱ्या गटाकडे असतं. हा दोष काढू नये, वापरावा. गटाला उरलेली बातमी मागायला उठावं लागतं, आणि त्या वेळी दोन गट एकमेकांना आपली बातमी सांगतात. वेळ बारा मिनिटं: सात वाचायला, पाच सांगायला. पंधराव्या मिनिटाला क्रीडापानावर गर्दी सुरू होते. ते १६ व्या पानावर असेल तर बाहेरचा कागद रोज वेगळ्या बाकाला द्यावा, नाहीतर भांडणं ठरलेली.

पैशांचा हिशेब साधा आहे. प्रत ३ रुपयांची धरली आणि महिन्याचे २४ अंक, तर १० प्रतींचे ७२० रुपये. सरासरी १५ वाचक, म्हणजे वाचकामागे महिना ४८ रुपये. ४ प्रतींचे २८८ रुपये. आठवड्यातून दोनच दिवस सुटे कागद वाटले, त्या दिवशी हजर ५२ जणांनी वाचलं आणि बाकीचे चार दिवस ८-८ जणांनी चाळलं, तर सरासरी साधारण २३ येते आणि वाचकामागे खर्च साडेबारा रुपये. वाचलेल्या पैशांत वर्गाला कात्री, डिंक आणि एक चांगला वार्ताफलक येतो.

वेळेचं काय? गठ्ठा ऑफिसमध्ये सकाळी येतो, शिपाई तो मधल्या सुट्टीत वर्गात नेतो, आणि तोवर मुलांनी मोबाइलवर बाजार उघडलेला बघितलेला असतो. शेअर बाजार दुपारी साडेतीनला बंद होतो, पेपरातला आकडा कालचाच असणार. ‘किती’ या प्रश्नावर पेपर फोनपुढे हरतो, ‘का’ या प्रश्नावर जिंकतो. म्हणून गटाला भाव पाठ करायला सांगू नये, भाव का हलला याचं बातमीतलं कारण अधोरेखित करायला सांगावं.

वाचक वाढवायचा हमखास उपाय म्हणून लुटुपुटूच्या शेअर खरेदीची स्पर्धा घेतली जाते. एक लाख खोटे रुपये, महिन्यात ज्याचे जास्त होतील तो जिंकला. आकडे वाढतात हे खरं, पण डिंकाचे ठिपके काय सांगतात? फक्त भावांचं पान उघडलं जातं. शिवाय महिन्याभरात जिंकायचं तर सगळं एका उसळणाऱ्या शेअरवर लावणं हीच शहाणी चाल ठरते, म्हणजे आपण जुगाराला बक्षीस देतो. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे-ऑप्शनमध्ये, म्हणजे पुढच्या भावावर केलेल्या सौद्यांत, उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले, असं शेअर बाजाराची नियामक संस्था ‘सेबी’च्या २०२४ च्या अभ्यासात दिसलं. स्पर्धा घ्यायचीच असेल तर गुण परताव्याला देऊ नयेत. प्रत्येक खरेदीमागे पेपरातल्या कात्रणासह लिहिलेल्या कारणाला द्यावेत.

मोजणी वर्षातून दोनदा पुरते. जूनमध्ये नवलाई असते, दिवाळीच्या सुट्टीपुढे-मागे हजेरी विस्कटते आणि फेब्रुवारीत बोर्डाच्या परीक्षेपुढे पेपर कोणाला सुचत नाही. जुलैचा तिसरा आठवडा आणि जानेवारीचा दुसरा हे त्यातल्या त्यात नॉर्मल. मोजणी एजन्सीच्या किंवा पेपरच्या फॉर्मवर, मुलांची नावं आणि पालकांचे मोबाइल नंबर घालून कधीही करू नये. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचं प्रत्येक जण बालकच आहे आणि त्याची माहिती वापरायला पालकांची पडताळलेली संमती हवी.

शेवटी राहतात ते वर्गाबाहेरचे वाचक. शनिवारी प्रती मुलांना पाळीपाळीने घरी नेऊ द्याव्यात आणि पहिल्या पानाला एक कोरी चिठ्ठी टाचावी: घरात ज्याने पेपर चाळला त्याने एक रेघ मारायची, वय १२ किंवा त्यापुढे असेल तरच. सोमवारी चिठ्ठ्या परत आल्या की सातपूरला कामाला जाणारे वडील, बचत गटाचा हिशेब ठेवणारी आई आणि शेजारचे रिटायर्ड काका असे रेघांचे झुबके मोजता येतात. या रेघा वर्गाच्या १५ मध्ये मिसळायच्या नाहीत, त्यांचा रकाना वेगळा. आणि ज्या चिठ्ठीवर सगळ्या रेघा एकाच पेनने, एकाच तिरक्या हाताने मारलेल्या दिसतात, ती बाजूला ठेवायची.